पदवीधराची उमेदवारी

‘उमेद’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. त्याचा अर्थ आशा. आशेवर बसलेला तो उमेदवार. आज हा शब्द ऐकला की आपणांस निवडणूक आठवते. परंतु आपल्या पणजोबांच्या काळी उमेदवार म्हणजे मामलेदार कचेरीत बिनपगारी कारकुनी करणारा तरुण. दप्तरे उचलावयाची, नकला करावयाच्या, अव्वल कारकुनाची बोलणी खावयाची, आणि कोणाची बदली होते, कोण पेन्शनीत निघतो, कोण डोळे मिटतो इकडे लक्ष लावून बसावयाचे. खुर्ची रिकामी झाली म्हणजे ती आपल्याला मिळेल ही आशा. त्याला पगार नव्हता. घरची भाकरी होती म्हणून त्याचे चालत होते. या उमेदवाराचा इतिहास आज आपणांपुढे ठेवण्याचे आम्ही योजले आहे, कारण तो इतिहास अजून संपलेला नाही.

आम्ही स्वतः पदवीधर नाही. कॉलेजात आम्ही प्रथम पाऊल टाकले ते तेथील शिपाई आणि हमाल यांची सभा घेण्यासाठी. जे काही वाचले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. परंतु गेल्या काही वर्षांत आमच्या युनियनच्या कचेरीत येणारी माणसे बदलली आहेत. पूर्वी हजेरी मांडली नाही, पाळी चुकविली, बोनस बुडविला अशा तक्रारी घेऊन कामगार येत. आता बी. कॉम., बी. एस्‌सी., इंजिनियर झालेली मुले येतात. कोणी दोन वर्षे ‘ट्रेनी’ आहे, कोणी अकरा महिन्यांच्या करारावर, कोणी घरीच. त्यांना समाजाकडून दोन उत्तरे मिळतात. एक असे की, पोरांतच दम नाही, पुस्तकी शिक्षणाने ती निकामी झाली. दुसरे असे की, पदव्या फार झाल्या. ही दोन्ही उत्तरे आजची नव्हेत. प्रत्येक पिढीला ती ऐकविली गेली आहेत. ज्या औषधाने इतक्या वर्षांत गुण आला नाही, ते औषध एकदा तपासून पाहावे हे बरे.

आमचे म्हणणे थोडक्यात सांगतो. पदवीची बाजारातली किंमत पदवीत नसते. खुर्च्या किती आहेत, त्या कोणी मांडल्या, आणि त्यांवर बसण्याच्या अटी कोणी ठरविल्या, यांवर ती ठरते. इतिहास याला काय साक्ष देतो ते पाहू.

ही कथा शाळेत सुरू होत नाही, कचेरीत सुरू होते. १८४४ साली गव्हर्नर जनरल हार्डिंज याने ठराव केला की, सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना अग्रहक्क द्यावा. म्हणजे नोकरीचे आश्वासन आधी आले, विद्यापीठ मागाहून आले. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली, आणि १८६२ साली तेथून पहिले बी. ए. बाहेर पडले ते चौघे: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. ज्या वसंत व्याख्यानमालेच्या परंपरेत आपण आज बसलो आहोत, ती १८७५ साली पुण्यात सुरू करणारे न्यायमूर्ती रानडे ते हेच. या चौघांच्या विद्वत्तेविषयी कोणाला शंका असण्याचे कारण नाही. परंतु हेही ध्यानात घेतले पाहिजे की त्या वेळी राज्य नवे होते, खाती नवी होती, न्यायालये आणि शाळा नव्याने उघडत होत्या, आणि शिकलेले बोटांवर मोजण्याइतके होते. त्यांच्या गुणांना रिकाम्या खुर्च्यांची साथ होती.

ही साथ फार दिवस टिकली नाही. वरच्या खुर्च्यांची परीक्षा लंडनला होत असे. १८७० नंतरच्या दशकात सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेची वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणण्याचे ठरले, तेव्हा येथल्या मुलाने शिकावे केव्हा आणि बोटीत बसावे केव्हा, असा प्रश्न पडला. त्याविरुद्ध देशभर चळवळ झाली. खाली राहिली ती कारकुनी, मास्तरकी आणि वकिली. मराठी सातवीची, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा उतरलेला मनुष्य तलाठी किंवा प्राथमिक शिक्षक होई. मॅट्रिक झालेला कचेरीचा उंबरठा धरी. आणि दोघांच्याही वाट्याला बहुधा आधी उमेदवारी येई. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी शाळेची नोकरी सोडली आणि टिळक-आगरकरांसारख्या तरुणांच्या साहाय्याने १८८० च्या पहिल्या दिवशी न्यू इंग्लिश स्कूल काढले. सरकारने मांडलेली खुर्ची नाकारून स्वतःची खुर्ची स्वतः घडविण्याचा तो मार्ग होता, आणि त्याचे मोल मोठे आहे. परंतु मूठभरांच्या त्यागावर हजारोंच्या पोटाची व्यवस्था होत नाही, हेही तितकेच खरे.

आता, या रांगेत सर्वांना सारखे उभे राहू दिले जात होते काय? मुळीच नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिले. त्यात त्यांनी सरळ हिशेब मांडला की, सरकारची तिजोरी भरतो शेतकरी, आणि तिच्यातून पोसले जाते ते वरच्या जातींचे उच्च शिक्षण. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी होती. पदवीधरांची गर्दी झाल्याचा ओरडा ज्या काळात ऐकू येत होता, त्याच काळात बहुजनांच्या मुलाला पाटीही मिळत नव्हती. कॉर्नेलिया सोराबजी या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर. पुढे ऑक्सफर्डला जाऊन १८९२ साली त्यांनी कायद्याची परीक्षा दिली. पण स्त्रियांना वकिली करण्याची बंदी उठविणारा कायदा झाला १९२३ साली. एकतीस वर्षे विद्या हातात होती आणि दार बंद होते. कोल्हापुरात १८९४ साली शाहू महाराज गादीवर आले तेव्हा दरबारच्या ७१ वरिष्ठ जागांपैकी ६० जागा एकाच जातीकडे होत्या. १९०२ साली महाराजांनी मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला, त्यामागे हा आकडा होता.

आणि सर्वांत बोलका दाखला डॉक्टर आंबेडकरांचा. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात आणि नंतर लंडनला शिकून ते १९१७ साली बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले. त्या वेळी हिंदुस्थानात इतका शिकलेला मनुष्य विरळा. पण त्या शहरात त्यांना डोके टेकायला जागा मिळेना. नाव लपवून पारशी खाणावळीत राहिले, तेथूनही काठ्या घेतलेल्या जमावाने हुसकले, आणि अकरा-बारा दिवसांत नोकरी सोडून परतावे लागले. मुंबईस येऊन शिकवण्या केल्या, धंद्याचा सल्ला देण्याची कचेरी काढली, तीही जात कळल्यावर बसली. १९१८ च्या अखेरीस सिडनेहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली तेव्हा कोठे स्थैर्य आले. ‘पोरांत दम नाही’ हे उत्तर घेऊन कोणी या मनुष्यापुढे उभे राहून दाखवावे.

पहिल्या महायुद्धानंतर शिकलेल्यांची बेकारी हा प्रश्न सरकारच्या कागदांवर आला. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसाने १९२० नंतरच्या दशकात मध्यमवर्गीयांच्या बेकारीची पाहणी केली. मग १९२९ ची जागतिक मंदी आली. संयुक्त प्रांताच्या सरकारने सर तेजबहादुर सप्रू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिचा अहवाल १९३५ साली बाहेर पडला. शिक्षण व्यवहारी करा, तरुणांना धंदे शिकवा, असा उपदेश त्या दिवसांत सर्वत्र चालला होता. उपदेश वाईट नव्हता. पण मंदीत केवळ बी. ए. बेकार झाले नव्हते. ज्यांचे शिक्षण अगदी व्यवहारी होते, ज्यांचे हात मागावर बसलेले होते, तेही बेकार झाले होते. मुंबईच्या गिरण्यांतून त्या वर्षांत हजारो माणसे कमी झाली. धंदा येत असून जर माणूस घरी बसतो, तर दोष शिकण्यात नाही, मागणीत आहे, एवढे समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

येथे गिरणीच्या दरवाजाकडे थोडे वळू, कारण पदवीधराच्या रांगेचा अर्थ तेथे अधिक स्पष्ट होतो. गिरणीत कायम कामगाराखेरीज बदली कामगार असे. रोज पहाटे तो दरवाजावर येऊन उभा राही. कायम माणूस गैरहजर असला तर बदलीला आत घेत, नाही तर तो परत घरी. आत कोणाला घ्यावयाचे ते जॉबर ठरवी, आणि जॉबरला दस्तुरी द्यावी लागे. मामलेदार कचेरीतील उमेदवार आणि गिरणीच्या दरवाजावरचा बदली यांत फरक इतकाच की एकाच्या टोपीखाली शेंडी आणि इंग्रजी होते, दुसऱ्याच्या अंगावर कापसाची तूस होती. दोघेही आपला वेळ फुकट देत होते, आणि त्या फुकट वेळाचा फायदा मालकाला मिळत होता. दाराशी माणूस उभा आहे म्हणून आतल्या माणसाचा पगार वाढत नाही. रांगेचे खरे काम हेच असते.

पण बदलीच्या बाबतीत पुढे काही घडले. कामगारांच्या मोठमोठ्या संपांनंतर आणि मजूर आयोगाच्या चौकशीनंतर जॉबरच्या लहरीवर भरती सोडणे मालकांनाही अवघड झाले. १९३५ साली मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत सुरू झाली. पुढे १९५० साली नोंदवही ठेवून क्रमाने कामावर पाठविण्याची योजना आली. सगळ्यांचे भले झाले असे नव्हे. परंतु ज्याला वाट पाहावी लागते त्याचे नाव कोठे तरी लिहिलेले असावे, त्याचा क्रम ठरलेला असावा, हे तत्त्व मान्य झाले. शिकलेल्या उमेदवाराने मात्र ही मागणी कधी केली नाही. आपण कामगार आहोत हेच त्याला पटत नव्हते. दोन रांगा एकाच शहरात उभ्या होत्या आणि एकमेकींशी बोलत नव्हत्या.

दुसरे महायुद्ध संपता संपता, १९४५ च्या जुलैत, सैन्यातून सुटणाऱ्या जवानांसाठी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजेस उघडण्यात आली. ज्या मजूर खात्याने ती उघडली त्याचे प्रमुख त्या वेळी डॉ. आंबेडकर होते. बडोद्याहून रिकाम्या हाताने परतलेल्या पदवीधराच्या खात्याकडून ही सोय व्हावी, ही इतिहासातील लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट होय. काही वर्षांत ही केंद्रे सर्वांस खुली झाली. १९५५ च्या सुमारास नियोजन मंडळाच्या अभ्यासगटाने सुशिक्षित बेकारांची संख्या साडेपाच लाख धरली होती. १९५९ साली कायदा झाला की सरकारी कचेऱ्यांनी आणि २५ वा अधिक माणसे असलेल्या खाजगी आस्थापनांनी आपल्या रिकाम्या जागा या केंद्रांना कळविल्याच पाहिजेत. मात्र जागा कळविण्याची सक्ती होती, तेथून माणूस घेण्याची सक्ती नव्हती. कार्ड मिळाले, ते जपून ठेवले, दर तीन वर्षांनी नवे करून घेतले आणि वय निघून गेले, अशी कुटुंबे या सभागृहातही असतील.

मग पदवीधराला कधी बरे दिवस आलेच नाहीत काय? आले, आणि ते कसे आले हे पाहण्यासारखे आहे. १९५६ साली २४५ विमा कंपन्या व मंडळे एकत्र करून आयुर्विमा महामंडळ झाले. १९६० साली राज्य झाले, त्याची खाती आणि मंडळे झाली. १९६९ च्या जुलैत चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्या वेळी देशात बँकांच्या ८,२६२ शाखा होत्या. १९९१ पर्यंत त्या साठ हजारांच्या वर गेल्या. तालुक्याच्या गावी बँक आली आणि तिच्याबरोबर कॅशियर, कारकून, अधिकारी यांच्या खुर्च्या आल्या. कोकणातल्या, मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचा बी. कॉम. झालेला मुलगा टाय न लावता बँकेत बसला. त्या मुलाचे शिक्षण एकाएकी व्यवहारी झाले होते काय? अभ्यासक्रम तोच होता. खुर्च्या मांडल्या गेल्या होत्या.

आणि त्या खुर्चीला मान होता, पगार होता, तो मालकाच्या कृपेने नव्हे. १९४६ साली बँक कर्मचाऱ्यांनी आपली अखिल भारतीय संघटना उभारली. शास्त्री निवाडा, देसाई निवाडा आणि १९६६ चा पहिला द्विपक्षीय करार अशा पायऱ्यांनी त्यांचा पगार, महागाई भत्ता, कामाचे तास ठरले. कारकुनाने ‘आपण कामगार आहोत’ हे कबूल केले, त्या दिवशी त्याची किंमत वाढली. याच काळात खुर्च्यांच्या वाटपावरून भांडणेही झाली. १९६६ साली मुंबईत शिवसेना निघाली ती कचेऱ्यांत मराठी तरुणाला जागा का नाही हा प्रश्न घेऊन. प्रश्न खरा होता. पण आहेत त्या खुर्च्या कोणाला, यावर सारी शक्ती खर्च झाली, आणि नव्या खुर्च्या कोण मांडणार हे विचारायचे मागे पडले.

१९८० नंतर वारे फिरले. १९८२ च्या जानेवारीत अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरण्या एकामागून एक मिटत गेल्या. ज्या बापाने मागावर उभे राहून मुलाची फी भरली असती त्याचेच काम गेले. १९८३ साली महाराष्ट्रात विनाअनुदान अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी मिळाली. कॉलेज वाढले, फी वाढली, शेत विकून आणि कर्ज काढून पदव्या घेतल्या गेल्या. पण खुर्च्यांची जबाबदारी कोणी घेतली नाही. १९९१ नंतर सरकारने नोकरभरतीचा हात आखडला. २००० – २००१ मध्ये सरकारी बँकांतून सुमारे एक लाख माणसे स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडली. संगणकाच्या धंद्याने पुण्याजवळ हिंजवडीत आणि मुंबईत हजारो मुलांना चांगला पगार दिला, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु त्या खुर्च्या परदेशच्या मागणीवर मांडलेल्या आहेत. तेथे मंदी आली की येथे एका संध्याकाळी राजीनामे मागितले जातात, आणि संघटना नसल्यामुळे मुलगा मुकाट्याने सही करतो.

आजची स्थिती एका आकड्यात सांगतो. आंतरराष्ट्रीय मजूर संघटना आणि दिल्लीची मानवी विकास संस्था यांच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशातील तरुण पदवीधरांत बेकारीचे प्रमाण शेकडा २९.१ होते. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ते शेकडा ३.४ होते. यावरून शिक्षणाने बेकारी येते असे अनुमान काढणारे आहेत. पण बेकार राहायलाही ऐपत लागते. निरक्षर मजुराला घरी बसणे परवडत नाही. सकाळी नाक्यावर जाऊन मिळेल ते काम मिळेल त्या दरात त्याला घ्यावेच लागते. पदवीधर थांबतो, कारण त्याच्या मागे आईचा दागिना, बापाचे शेत, बहिणीचे लांबलेले लग्न उभे असते. उमेदवाराची भाकरी आजही घरूनच येते. २०२४ च्या पोलीस भरतीत महाराष्ट्रात साडेसतरा हजारांच्या आतबाहेर जागांसाठी सतरा लाखांवर अर्ज आले. एका जागेस शंभर. शिपायाला बारावी पुरते; रांगेत पदवीधर होते, इंजिनियर होते.

आणि उमेदवारी? ती नव्या नावांनी परत आली आहे. १९६१ च्या कायद्याने कारखान्यांत शिकाऊ उमेदवार नेमण्याची व्यवस्था केली. हेतू स्तुत्य होता. पण त्या कायद्याने उमेदवार हा शिकणारा ठरला, कामगार नव्हे. १९७३ मध्ये त्यात पदवीधर इंजिनियर आले, २०१४ च्या दुरुस्तीने इतर शाखांचे पदवीधरही आले. २००० साली महाराष्ट्रात शिक्षणसेवक योजना निघाली. तीन वर्षे पगार नाही, मानधन. प्राथमिक शाळेत ते आरंभी महिना ३,००० रुपये होते. २०२४ साली राज्याने युवा कार्यप्रशिक्षण योजना काढली. पदवीधराला महिना १०,००० रुपये, मुदत सहा महिने, पुढे ती अकरा महिने झाली. मुदत संपल्यावर मुले ‘आम्हांला कायम करा’ म्हणून रस्त्यावर आली. पगार, मानधन, विद्यावेतन: शब्द जसजसा गोड होत जातो तसतशी रक्कम लहान होत जाते, हा आमचा अनुभव आहे. जो माणूस वर्षभर वर्गावर उभा राहतो किंवा यंत्र चालवितो, तो काम करतो. त्याला शिकाऊ म्हटल्याने काम शिकवणी होत नाही.

यावर करावे काय? इतिहासातून निघतात त्या तीन गोष्टी आम्ही मागतो. पहिली, मंजूर असून रिकाम्या ठेवलेल्या जागा ठरल्या तारखेस भराव्यात, आणि परीक्षेची तारीख ही सरकारची मेहेरबानी न राहता बंधन व्हावी. दुसरी, उमेदवारीला मुदत असावी, ती लेखी असावी, आणि तीत केलेल्या कामाचा मोबदला किमान वेतनाच्या खाली नसावा. तिसरी, वाट पाहणाऱ्यांची नोंद असावी, जशी बदली कामगाराची झाली. ही मागणी हवेतली नाही. २०२३ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने बाहेरच्या एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला. तरुण राज्यभर एकत्र आले, आणि ऑक्टोबरात तो निर्णय रद्द झाला. अभ्यासिकेत एकेकटा बसलेला मुलगा जे करू शकत नव्हता, ते एकत्र आल्यावर सहा-सात आठवड्यांत झाले.

शेवटी आपणां श्रोत्यांविषयी. सरकारवर आणि मोठ्या कंपन्यांवर बोलणे सोपे असते. आपल्यापैकी कोणाचे दुकान आहे, कोणाचा दवाखाना, कोणाची वकिली, कोणी शाळेच्या वा पतपेढीच्या संचालक मंडळावर आहे. तेथे आज एक मुलगा किंवा मुलगी ‘अनुभव मिळेल’ या बोलीवर बसलेली असेल. तिचे नाव हजेरीपत्रकात आहे काय, महिनाअखेर तिच्या हातात काय पडते, आणि ती किती महिने ‘नवीन’ आहे, एवढे उद्या सकाळी गेल्यावर पाहावे. कचेरीतल्या त्या बिनपगारी उमेदवाराची कथा कोठे तरी संपवायची असेल, तर ती त्या हजेरीपत्रकात संपेल.